खिशातला झूम कॅमेरा: खोकं उघडल्यापासून लेन्स अडकेपर्यंत

खिशात मावणारा, तरीही दूरच्या फांदीवरचा पक्षी चौकटभर आणून दाखवणारा कॅमेरा हातात आला की पहिले दोन दिवस मजेत जातात. तिसऱ्या दिवसापासून कुरकुर सुरू होते. लांबचे फोटो धूसर, घरातले फोटो रवाळ, बॅटरी बघता बघता संपते, स्क्रीन मध्येच काळी पडते. यातल्या बहुतेक तक्रारींत बिघाड काहीच नसतो. आतला उजेड टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान आणि लेन्स लांब पल्ल्याची, अशी ही जोडी आहे. तिला उजेड भरपूर लागतो आणि हात स्थिर लागतो. हे दोन दिले तर हा कॅमेरा मोबाइलला जमणार नाही असं काम करतो. दिले नाहीत तर मोबाइलच बरा होता असं वाटायला लावतो.

खाली सगळं क्रमाने दिलंय. कॅमेरा आधीच घेतला असेल तर थेट दुसऱ्या पायरीपासून सुरू करा.

हाताशी काय ठेवायचं

- जादा बॅटरी एक, आणि बॅटरी बाहेर काढून लावता येईल असा चार्जर
- मेमरी कार्डं दोन (कोणती ते पुढे)
- कार्ड रीडर
- मनगटात अडकवायचा पट्टा. खोक्यात असतोच, पण बरेच जण तो लावतच नाहीत.
- रबरी फुंकणी आणि मायक्रोफायबरचं फडकं
- छोटा ट्रायपॉड
- खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा सिरीयल नंबर. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद राहतो.

१. खोक्यावरचे आकडे नीट वाचा

'३० एक्स' म्हणजे वस्तू तीसपट मोठी दिसते, असा समज फार पसरलाय. तसं नाही. झूम पूर्ण बाहेर असतानाच्या फोकल लेंग्थला (लेन्सचा पल्ला सांगणारं मिलिमीटरमधलं माप) झूम आत असतानाच्या फोकल लेंग्थने भागलं की हा आकडा मिळतो. २४ ते ७२० मिलिमीटर म्हणजे ३० एक्स (इथले सगळे आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबातले). डोळ्याला दिसतं त्याच्या जवळपास ५० मिलिमीटरचं दृश्य असतं, त्यामुळे ७२० ला वस्तू साधारण चौदापट जवळ येते. म्हणून दोन कॅमेरे ताडून पाहताना 'एक्स'वर जाऊ नका. ३५ मिलिमीटरपासून सुरू होणारा १० एक्स कॅमेरा ३५० पर्यंत पोचतो आणि २४ पासून सुरू होणारा १० एक्स २४० लाच थांबतो. पल्ला हवा असेल तर शेवटचा आकडा पाहा. छोट्या खोलीत सगळे जण चौकटीत बसवायचे असतील तर पहिला.

दुसरा आकडा सेन्सरचा. लांब झूमच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो. प्रत्यक्षात तो सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा भरतो. '१ इंची' म्हणतात तो १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे तोही खरा इंचभर नाहीच. हे नाव जुन्या काळच्या कॅमेरा ट्यूबच्या मापावरून चालत आलंय. पण क्षेत्रफळात तो पहिल्याच्या चौपट आहे आणि संध्याकाळच्या फोटोत हा फरक दिसतो. त्याची किंमत झूममध्ये मोजावी लागते. पॅनासॉनिकचा टीझेड १००, २०१६ चा, १ इंची सेन्सरसह २५० मिलिमीटरपर्यंत जातो. कॅननचा एसएक्स ७४० एचएस, २०१८ चा, १/२.३ इंची सेन्सरसह ९६० पर्यंत. मोठा सेन्सर, लांब झूम आणि खिशात मावणारं अंग, तिन्ही एकदम मिळत नाहीत. पक्षी, चंद्र, मैदानावरचा खेळ हवा असेल तर लांब झूम घ्या. समारंभ, माणसं, संध्याकाळ हवी असेल तर १ इंची.

तिसरा आकडा लेन्सवर कोरलेला असतो, उदाहरणार्थ 'एफ ३.३–६.९'. लेन्सचं तोंड (ॲपर्चर) किती उघडतं ते तो सांगतो, आकडा जितका मोठा तितकं तोंड लहान. पहिला झूम आत असतानाचा, दुसरा पूर्ण बाहेर असतानाचा. ३.३ वरून ६.९ वर गेलं की आत येणारा उजेड चौथाईच्याही खाली जातो. पुढच्या निम्म्या तक्रारी इथून निघतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका.

२. परत करायची मुदत संपायच्या आत तपासा

अर्धा तास पुरतो. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा.

कोपऱ्यांची तपासणी: वर्तमानपत्राचं पान सपाट भिंतीवर चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर. सेल्फ टायमर २ सेकंदांवर. झूम आत, मध्ये आणि पूर्ण बाहेर असे तीन ठिकाणी फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर मोठे करून चारही कोपरे पाहा. चारही सारखेच थोडे मऊ, म्हणजे कमी धारदार, असतील तर तो या लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा धूसर असेल आणि कॅमेरा पुन्हा नीट लावूनही तोच कोपरा धूसर येत असेल, तर आतलं भिंग तिरकं बसलंय. असा कॅमेरा बदलून घ्या. हा दोष सेटिंगने जात नाही.

धुळीची तपासणी: झूम पूर्ण बाहेर काढा, ॲपर्चर जमेल तेवढं बंद करा (सहसा एफ/८) आणि मोकळं आभाळ किंवा पांढरी भिंत मुद्दाम फोकसबाहेर ठेवून टिपा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा पुसट डाग दिसला तर सेन्सरवर धूळ आहे. समोरच्या काचेवरची बारीक धूळ फोटोत अशी दिसत नाही, तेव्हा आधी काच पुसत बसू नका. लेन्स आतबाहेर होताना भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर कण आत जातात. लेन्स निघत नसल्यामुळे ही धूळ घरी साफ करता येत नाही.

पिक्सेलची तपासणी: लेन्स हाताने झाका, आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) ४००, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १ सेकंद. काळ्या फोटोत एखाददुसरा लाल-निळा ठिपका चालतो. मधोमध ठळक ठिपके असतील तर बदलून मागा.

आवाज: झूमचा खटका दहा वेळा पुढे-मागे करा. एकसारखी मंद घरघर ठीक. करकर किंवा मध्येच अडखळणं ठीक नाही. कॅमेरा बंद असताना हलवला की आत काहीतरी खुळखुळतं, त्याने घाबरू नका. थरथर सावरणारं भिंग बंद अवस्थेत मोकळं असतं, त्याचा तो आवाज.

वापरलेला कॅमेरा घेणार असाल तर आणखी पाहायचं आहे. लेन्समधून टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. सोडून द्या. लेन्सच्या नळीवर पोचा असेल तर कॅमेरा पडलेला आहे. तोही सोडा. बॅटरीच्या झाकणाचा खटका घट्ट लागतो का पाहा. तो तुटला की कॅमेरा चालू असतानाच बॅटरी निसटते. तारीख-वेळ लावून बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत घाला. तारीख पुसली गेली तर आतला छोटा सेल एक तर रिकामा आहे किंवा संपलाय. भरलेली बॅटरी दिवसभर आत ठेवूनही फरक पडला नाही तर संपलाय असं समजा. त्यावाचून काही अडत नाही, फक्त बॅटरी बदलताना दर वेळी तारीख लावावी लागेल.

आणि कार्ड कोणतं लागतं ते पैसे देण्याआधी विचारा. जुन्या ऑलिंपस आणि फुजीफिल्म कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागे, जुन्या सोनीत मेमरी स्टिक. एक्सडी कार्डं आता बनत नाहीत. कॅमेरा स्वस्तात मिळेल आणि कार्डासाठी वणवण होईल.

३. कार्ड आणि बॅटरी

या कॅमेऱ्यांत लागणाऱ्या एसडी कार्डाच्या तीन पिढ्या आहेत. साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी त्यापुढे. एसडीएचसी २००६ मध्ये आलं आणि एसडीएक्ससी २००९ मध्ये. त्याआधीच्या कॅमेऱ्यात नव्या पिढीचं कार्ड घातलं तर 'कार्ड एरर' येतो. कार्डही चांगलं असतं आणि कॅमेराही, दोघांची पिढी जुळत नाही एवढंच. २००५ च्या कॅमेऱ्यासाठी २ जीबीचं जुनं कार्ड शोधा.

आजच्या कॅमेऱ्याला ३२ किंवा ६४ जीबी पुरतं. फुल एचडी व्हिडिओसाठी 'क्लास १०' किंवा 'यू १' चालतं, ४के साठी 'यू ३' किंवा 'व्ही ३०' घ्या. कार्ड हळू असेल तर व्हिडिओ काही सेकंदांत आपोआप थांबतो आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. अडॅप्टरमध्ये घातलेलं मायक्रोएसडी चालतं, पण त्यात जोड एक वाढतो आणि सैल जोडामुळे कार्ड मध्येच 'दिसेनासं' होतं. शक्य तिथे पूर्ण आकाराचंच घ्या.

बनावट कार्डं भरपूर फिरतात. वर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि आत ८. आठ भरेपर्यंत सगळं ठीक चालतं, त्यापुढचे फोटो उघडतच नाहीत. नवीन कार्ड आणलं की कॉम्प्युटरवर 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' अशा मोफत प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासा. मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलेलं कार्ड कधीकधी कॅमेऱ्याला पटत नाही. कार्डाच्या कडेची बारीक पट्टी खाली सरकली असेल तर कार्ड कुलूपबंद होतं. 'राइट प्रोटेक्ट' दिसलं की आधी ती पट्टी पाहा.

आता बॅटरी. खोक्यावर '२६५ फोटो' किंवा '३८० फोटो' असं छापलेलं असतं. हा आकडा 'सिपा' या जपानी संघटनेच्या ठरीव चाचणीतून येतो. त्यात दर ३० सेकंदांना एक फोटो, दर वेळी झूमची हालचाल आणि एकाआड एक फोटोला फ्लॅश. फ्लॅश न वापरता भराभर फोटो काढलेत तर यापेक्षा जास्त मिळतील. स्क्रीन चालू ठेवून झूम हलवत पक्ष्याची वाट पाहत उभे राहिलात तर खूपच कमी. बॅटरी स्क्रीन आणि मोटर खातात, फोटो नव्हे. स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ १ मिनिटावर आणा.

दुसऱ्या कंपनीची बॅटरी चालते, पण दोन गोष्टी पाहा. ती सहज आत-बाहेर व्हायला हवी, आणि जरा जरी फुगली तरी वापर थांबवा. फुगलेली बॅटरी आत अडकली तर ओढताना खाचच तुटते. विमानात जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवायच्या, टोकं झाकून. सामानात सोडलेल्या बॅगेत त्या ठेवू देत नाहीत.

४. मेनूतले बदल, एकदाच करायचे

खोक्यातून निघतो तेव्हा कॅमेरा 'ऑटो'वर असतो आणि त्यातले काही पर्याय तुमच्या विरोधात काम करत असतात.

- डिजिटल झूम: बंद. तो फक्त मधला तुकडा कापून मोठा करतो. ते काम नंतर कॉम्प्युटरवर करता येतं. झूमच्या पट्टीवर एक खूण असते, तिच्यापुढे गेलात की खरा झूम संपला.
- मोड: 'पी'. शटर-ॲपर्चर कॅमेराच ठरवेल, पण आयएसओ आणि फ्लॅश तुमच्या हातात राहतील.
- आयएसओ: ऑटो, पण कमाल मर्यादा १/२.३ इंची सेन्सरला ८००, १ इंचीला ३२००. मर्यादा घातली नाही तर कॅमेरा आयएसओ फार वर नेतो, दाणे पुसायला जातो आणि चेहऱ्याचं मेण करतो.
- फोटोचा आकार सर्वांत मोठा, दर्जा 'फाइन'. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर महत्त्वाच्या प्रसंगी रॉ + जेपेग.
- फोकस: मधला एक चौकोन. 'सगळीकडे पाहून ठरव' असं सांगितलंत तर कॅमेरा पक्षी सोडून पुढची फांदी पकडतो.
- फोटोवर तारीख छापणं: बंद. तारीख फाइलमध्ये नोंदलेली असतेच. फोटोवर उमटलेली निघत नाही.
- तारीख आणि वेळ: बरोबर लावा. चुकली तर वर्षभराने फोटो लावताना दसरा शिमग्याच्या आधी येईल.

५. धरणं आणि बटण दाबणं

मोबाइलची सवय इथे नडते. हात लांब करून, दोन बोटांत कॅमेरा धरून ७२० मिलिमीटरला फोटो येत नाही.

उजव्या हातात कॅमेरा, डावा तळहात बुडाखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली. पट्टा गळ्यात असेल तर तो ताणला जाईपर्यंत कॅमेरा पुढे न्या, ताणामुळे हात स्थिर होतो. खांब किंवा भिंत असेल तर खांदा टेकवा. बटण आधी अर्धं दाबा. चौकोन हिरवा होऊन 'टिक' वाजू द्या, मग श्वास सोडत हळूच पुढे दाबा. एका दमात खालपर्यंत दाबलं की फोकस व्हायच्या आत फोटो निघतो. नवख्यांच्या धूसर फोटोंत ही चूक सर्वांत जास्त आढळते, आणि ती एका दुपारच्या सरावात जाते.

डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असेल तर वापरा. कपाळाचा टेकू मिळाला की थरथर खूप कमी होते. व्ह्यूफाइंडर धूसर दिसतोय म्हणून कॅमेरा परत करणारेही आहेत. त्याच्या शेजारी एक बारीक चाक असतं, ते फिरवून आतली अक्षरं स्पष्ट करून घ्या. ते तुमच्या नजरेच्या नंबरसाठी असतं.

६. लांबचा फोटो

याचसाठी कॅमेरा घेतला जातो आणि याच ठिकाणी निराशा होते, म्हणून इथे जरा थांबू.

झूम पूर्ण बाहेर आहे, एफ/६.९, आयएसओ १००. कडक उन्हात शटर साधारण १/५०० सेकंद मिळतं. छान. आभाळ भरून आलं की तेच १/६० वर येतं. घरातल्या नेहमीच्या दिव्यांत आयएसओ ८०० करूनही १/१० ते १/२०. आता दुसरी बाजू पाहा. ७२० मिलिमीटरला नुसत्या हाताने १/८०० हवं असा जुना ठोकताळा आहे. थरथर सावरणारी यंत्रणा तीन पायऱ्या (दर पायरीला शटरची वेळ दुप्पट) सांभाळते असं धरलं तर १/१०० पर्यंत निभावतं. म्हणजे उन्हात निर्धास्त, ढगाळ हवेत आयएसओ ४०० वर निभाव, घरात पूर्ण झूम विसरा. यंत्रणा तुमचा हात सावरते, समोरचा पक्षी नाही. बसलेल्या पक्ष्याला १/२५० तरी हवं, उडत्याला १/१००० च्या आसपास.

ॲपर्चर आणखी बंद करून फोटो धारदार होईल, हा मोठ्या कॅमेऱ्यावरून आलेला सल्ला इथे उलटा पडतो. एफ/६.९ ला प्रकाशाचा एकेक बिंदू सेन्सरवर सुमारे ९ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपक्याएवढा पसरतो. २० मेगापिक्सेलच्या १/२.३ इंची सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा असतो. म्हणजे ठिपका सात-आठ पिक्सेल रुंद. लेन्स कितीही चांगली असली तरी शंभर टक्के मोठं करून पाहिलं की पूर्ण झूमचा फोटो मऊच दिसणार. एफ/८ केलं तर आणखी मऊ. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि फोटो स्क्रीनभर पाहा, पिक्सेल मोजत बसू नका.

मग हवा. दुपारी तापलेल्या मैदानावरून, रस्त्यावरून किंवा छपरावरून पलीकडचं टिपलं की फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. गरम हवेच्या लाटांमुळे असं होतं. त्याला ट्रायपॉडही उपाय नाही आणि महागडी लेन्सही नाही. सकाळी लवकर काढा, किंवा जवळ जा.

पक्षी सापडेना, हीसुद्धा नेहमीची अडचण. ७२० ला दृश्य इतकं अरुंद होतं की हात बोटभर हलला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. आधी झूम आत ठेवून पक्षी मधोमध घ्या, नजर न हलवता झूम वाढवा. काही कॅमेऱ्यांत झूम क्षणभर मागे नेऊन परत आणणारं बटण असतं, ते कुठे आहे ते अंधारातही बोटाला कळायला हवं. फोकस लागत नसेल तर त्याच अंतरावरची उभी, ठळक कड पकडा. तेही नाही जमलं तर झूम थोडा मागे घेऊन फोकस करा आणि पुन्हा पुढे न्या.

चंद्र सगळ्यांनाच हवा असतो. ऑटोवर तो पांढरा गोळा येतो, कारण कॅमेरा भोवतालचा अंधार पाहून फोटो उजळवतो आणि चंद्रावर तर भर ऊन पडलेलं असतं. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, ॲपर्चर पूर्ण उघडं, पौर्णिमेला शटर १/२५०. अष्टमीच्या सुमारास १/६० च्या आसपास. ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर, आणि ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद. नाहीतर ते नसलेली थरथर शोधत बसतं. ७२० ला चंद्र चौकटीच्या उंचीचा जेमतेम पाव भाग व्यापतो, तेव्हा नंतर कापावं लागणार हे धरून चला. पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा चंद्र घ्या. तिरप्या उन्हात विवरांच्या सावल्या पडतात, पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं.

सूर्याकडे पूर्ण झूम कधीच रोखू नका. सेन्सर जळतो, आणि आरपार काचेचा व्ह्यूफाइंडर असेल तर डोळाही जातो.

७. घरात आणि संध्याकाळी

झूम आत ठेवा आणि दोन पावलं पुढे जा. घरातल्या फोटोंसाठी एवढं एक पाळलं तरी निम्मं काम होतं. झूम आत असताना त्याच उजेडात १/५० ते १/९० मिळतं.

फ्लॅशचा आवाका छोटा. झूम आत असताना तीन-चार मीटर, पूर्ण बाहेर असताना जेमतेम दोन. सभागृहात मागच्या रांगेतून फ्लॅश मारून मंचावर काहीच पोचत नाही, पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. फ्लॅश बंद करा. स्थिर वस्तू असेल तर टेबलावर कॅमेरा टेकवून २ सेकंदांचा टायमर लावा.

८. जवळचं

फुलाचं चिन्ह असलेला मोड झूम आत असतानाच खऱ्या अर्थाने जवळ जातो, अनेकदा ५ सेंटिमीटरच्या आत. एवढं जवळ गेलं की लेन्सचीच सावली पडते. फुलपाखरासाठी उलटं करा. झूम बाहेर काढून दीड-दोन मीटरवर उभे राहा. तिथपासून अलीकडे कॅमेरा फोकस करत नाही, म्हणून हळूहळू मागे सरकत तो कुठे पकडतो ते शोधा. आणि फुलाचं चिन्ह नंतर आठवणीने काढा. ते राहिलं की दूरचं फोकस होत नाही आणि कॅमेरा बिघडला अशी धावपळ सुरू होते.

व्हिडिओत झूम हलवू नका. मोटरची घरघर आवाजात येते आणि फोकस पुढे-मागे हुडकत राहतो. एकदा झूम ठरवून मग चित्रीकरण सुरू करा. साधारण ३० मिनिटांनी चित्रीकरण आपोआप थांबलं तर तो बिघाड नव्हे. कित्येक कॅमेऱ्यांत ती मर्यादाच असते.

९. बिघाड वाटतो, पण नसतो

*स्क्रीन मध्येच काळी होते.* व्ह्यूफाइंडरजवळच्या सेन्सरसमोर बोट, पट्टा किंवा पोट आलं. डोळा लागला असं समजून कॅमेरा चित्र आत पाठवतो.

*भराभर दहा फोटो निघाले आणि कॅमेरा गोठला.* आतली साठवण भरली. कार्डावर लिहून होईपर्यंत थांबा. दिवा लुकलुकत असताना बॅटरी किंवा कार्ड काढू नका, फोटो जातातच आणि कधी पूर्ण कार्डही.

*रात्रीच्या फोटोत पांढरे गोल तरंगतात.* भूत नाही. लेन्सजवळची धूळ किंवा पावसाचे थेंब फ्लॅशमध्ये उजळलेत.

*दिव्याखाली आडवे पट्टे येतात.* दिवा मुख्य वीजपुरवठ्याच्या तालावर लुकलुकतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवा.

*जुन्या कॅमेऱ्यात तेजस्वी दिव्यातून वर-खाली उभी जांभळट रेघ जाते.* सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरचा तो स्वभाव. स्क्रीनवर आणि व्हिडिओत दिसते, फोटोत सहसा उमटत नाही.

*फोनशी वायफाय जुळत नाही.* कॅमेऱ्याच्या वायफायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन ते गुपचूप सोडतो. मोबाइल डेटा बंद करा आणि मग जोडा. वर्षानुवर्षांचा विचार कराल तर कार्ड रीडरच भरवशाचा, कारण जुन्या मॉडेलची ॲप एक दिवस फोनवर चालेनाशी होतात.

१०. लेन्स अडकली तर

या जातीच्या कॅमेऱ्याचा खरा, नेहमीचा बिघाड एकच. लेन्स अर्धवट बाहेर, स्क्रीनवर 'लेन्स एरर', आणि मग कॅमेरा बंद. कारणं तीन: वाळूचा कण नळीत गेला, कॅमेरा लेन्सवर पडला, किंवा खिशात बटण दाबलं जाऊन लेन्स कापडावर ढकलत राहिली आणि आतले प्लास्टिकचे दाते सरकले. तिसरं कारण सर्वांत जास्त घडतं आणि सर्वांत सहज टाळता येतं. कॅमेरा खिशात मोकळा न टाकता बटण झाकणाऱ्या कडक पाउचमध्ये ठेवा.

अडकली तर या क्रमाने जा:

अ) बॅटरी आणि कार्ड काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घाला. कमी चार्जमुळेही मोटर अडते.

आ) लेन्स जमिनीकडे करून नळीच्या फटीभोवती रबरी फुंकणीने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. दाबाच्या हवेचा डबाही नको, तो कण आणखी आत ढकलतो.

इ) लेन्स खालीच ठेवून कॅमेरा चालू करा.

ई) तरीही नाही, तर नळीच्या कडेला बोटांनी अगदी हलका टेकू देत पुन्हा चालू करा. जोर लावलात तर उरलेले दातेही जातील. तेल अजिबात नको, ते भिंगांवर पसरतं.

यातलं काही जमलं नाही तरी आतले फोटो सुरक्षित असतात, कार्ड काढून घ्या. अनेक कॅमेऱ्यांत फोटो पाहण्याचं बटण दाबून धरलं की लेन्स न हलवता कॅमेरा चालू होतो. वॉरंटी असेल तर इथेच थांबा आणि बिल काढा. नसेल तर दुरुस्तीचा अंदाज आधी लेखी घ्या, कारण बहुतेक वेळा पूर्ण लेन्सचा भाग बदलावा लागतो आणि जुन्या मॉडेलसाठी तो खर्च परवडत नाही. स्वतः स्क्रू उघडायचा मोह आवरा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते तिथे राहतात.

११. ठेवताना

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसून झूम करू नका, वारा असेल तर तर नकोच. एसीच्या गार खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून न्या आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. दव पिशवीवर धरेल, लेन्सच्या आत नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, चामड्याच्या पाउचमध्ये नको, चामडं ओल धरतं आणि बुरशीला आमंत्रण देतं. सिलिकाचे रंगीत दाणे रंग बदलले की वाळवून परत वापरता येतात.

महिनोन्महिने वापर नसेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी पुन्हा चार्ज घेईलच असं नाही. महिन्यातून एकदा ती घाला, झूम चार-पाच वेळा आतबाहेर करा, दोन फोटो काढा आणि तारीख बरोबर आहे का पाहा.